वाकळेचं पंचांग

घट बसायला आठवडा राहिला की बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातल्या कडा गावाच्या आसपास जिथं पाणी तिथं गोधड्या. नदीचा डोह, तलावाचा काठ, बोअरच्या पाइपाखालचा दगड, काहीच मोकळं सापडत नाही. घरातलं एकूण एक अंथरूण-पांघरूण धुवून निघाल्याशिवाय देव बसवायचे नाहीत, हा शिरस्ता मराठवाड्यात आणि शेजारच्या नगर पट्ट्यात आजही पाळला जातो. रात्रभर सोड्याच्या पाण्यात भिजलेली गोधडी एकटीला उचलत नाही. तुडवावी लागते, बडवावी लागते आणि मग दोघींनी दोन टोकं धरून पिळा घालावा लागतो. कुठं काय कुजलंय, विरलंय, सुटलंय ते या पिळातच कळतं. वाळलेली गोधडी घडी घालण्याआधी उलटीपालटी करून पाहायची, बोट आत जाईल तिथं खूण करायची आणि संध्याकाळच्या आत सुई घेऊन बसायचं. धुणं आणि शिवणं ही इथं वेगळी कामं नाहीत.

ही घाई जेवढी देवाची, तेवढीच साखर कारखान्याची. आष्टी तालुका पर्जन्यछायेतला. खरिपावर वर्ष निघत नाही, म्हणून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या ऊसतोडीला निघतात. कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. 2022 च्या सप्टेंबरात नगरहून आष्टीपर्यंत रेल्वे सुरू झाली, कड्याला स्टेशन आलं. पण टोळी जाते ती ट्रक-ट्रॅक्टरनंच, कारण तिच्याबरोबर भांडी, पीठ, शेळी, कोंबड्या आणि अंथरुणाचं बोचकंही जातं. थंडीचे चार महिने उसाच्या फडाशेजारच्या कोपीत काढायचे. खाली पाचट, पाचटावर वाकळ, म्हणजे गोधडीच. भिंत म्हणावी तर तीही पाचटाचीच. पहाटे अंधारात फडात शिरायचं असतं, त्यामुळे रात्रीची झोप उबेची झाली नाही तर दिवसभर कोयता चालत नाही. जाणाऱ्या घरातली बाई मुकादमाकडून घेतलेल्या उचलीचा हिशेब करते, तसाच वाकळांचाही करते. किती न्यायच्या, कुठली म्हाताऱ्यांसाठी मागं ठेवायची, कुठली आणखी एक हंगाम काढील.

परत येतं ते बोचकं वेगळंच असतं. गुढीपाडवा ते अक्षय तृतीया या काळात टोळ्या गावी येतात, तेव्हा गोधड्यांना धुराचा वास असतो, चुलीच्या ठिणग्यांनी पडलेली भोकं असतात, पाचटाच्या धारेनं चिरलेलं अस्तर असतं. त्यामुळे इथल्या डागडुजीचा खरा हंगाम हा उन्हाळ्याचा, मृग निघायच्या आतला. तेव्हा ऊन मुबलक, शेतात काम थोडं आणि माळवद किंवा स्लॅब वाळवणाला मोकळा. फक्त पाण्याची मारामार. टँकरवर घर चालत असेल तर गोधडी धुता येत नाही. मग तिला दोन-चार कडक उन्हं दाखवायची, काठीनं झोडपायची आणि कोरडीच शिवायची. 2019 च्या दुष्काळात आष्टी तालुक्यात चारा छावण्या लागल्या, तेव्हा घरची एक-दोन माणसं जनावरांजवळ छावणीतच मुक्कामाला असायची. पांघरुणांचीही वाटणी झाली.

आता प्रत्यक्ष काम. गोधडी जमिनीवर अंथरून चार कोपऱ्यांवर दगड, वरवंटा, पाण्यानं भरलेला तांब्या, जे सापडेल ते ठेवतात. ताण सगळीकडून सारखा पाहिजे. झिजते ती आधी डोक्याकडची कड, कारण झोपेत माणूस तीच मुठीत धरून ओढतो. म्हणून शहाणी बाई दर हंगामाला गोधडीची दिशा बदलते, डोक्याची बाजू पायाकडे नेते. आतल्या चिंध्या एका जागी गोळा झाल्या असतील तर वरून ठिगळ लावून उपयोग नाही. तेवढ्या भागाची शिवण ब्लेडनं उसवायची, आत हात घालून चिंध्या सपाट करायच्या, विरलेल्या जागी जुन्या धोतराचा किंवा लुगड्याचा धडपा सरकवायचा. मग ठिगळ. ते भोकापेक्षा चांगलं वीतभर मोठं, कडा आत दुमडलेल्या, आधी लांब कच्च्या टाक्यांनी बसवलेलं. त्यानंतर धावदोरा, बाहेरून आत, चौकटीत चौकट घेत मध्याकडे. दोन ओळींत बोटभर अंतर. दोरा दुहेरी, त्याला मेण ओढलेलं, गाठ कापडाच्या पोटात लपवलेली. गाठ वर राहिली तर झोपणाऱ्याला टोचते आणि धुताना तिथूनच सुटते.

नवी गोधडी शिवणारीपेक्षा जुनी दुरुस्त करणारी अधिक कसबी, असं माझं मत आहे. नवी शिवताना सगळं कापड एका वयाचं निवडता येतं. जुन्या वाकळेत मात्र एकाच हाताखाली पाच वयांची कापडं येतात आणि दणकट नवं कापड जुन्या मऊ कापडाला ओढून फाडतं. म्हणून ठिगळालाही वापरून मऊ झालेलंच कापड लागतं. शिवाय प्रत्येक दुरुस्तीत एक थर वाढतो. तीन-चार हंगामांनी गोधडी इतकी जड होते की ती पांघरूण राहत नाही, अंथरूण होते. पुढं तिची बैलाची झूल होते, गाडीतली बैठक होते, शेवटी उंबऱ्यातलं पायपुसणं. फेकली जाते ती फार उशिरा.

या पट्ट्यानं फाटक्या कापडाला कमी लेखलेलं नाही. शेजारच्या कर्जतचं ग्रामदैवतच संत गोदड महाराज. आणि बीड जिल्ह्यातल्याच अंबाजोगाईच्या दासोपंतांनी (1551–1615) ‘पंचीकरण’ हा ग्रंथ लिहिला तो कागदावर नाही, पासोडीवर. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापडावर ओव्या. पासोडी म्हणजे अंगावर घ्यायचं जाड, दुहेरी वस्त्र. त्यावर वेदान्त मांडावा असं याच मातीत कुणाला वाटावं, यात मला तरी नवल वाटत नाही.

गादी आणि रजईची गोष्ट निराळी. ते काम घरचं नव्हतंच. हिवाळ्याच्या तोंडावर पिंजारी खांद्यावर पिंजण घेऊन यायचा, तातीचा तो टणत्कार गल्लीभर ऐकू जायचा, आणि दडपलेला कापूस दुपारपर्यंत ढिगानं फुलायचा. घरच्यांनी फक्त खोळ उसवून धुवून ठेवायची. आता पिंजायचं काम यंत्रावर होतं आणि फोमच्या गादीला पिंजारी लागतच नाही.

गोधडीवर खरा घाव घातला तो पॉलिएस्टरच्या साडीनं. नऊवारी सुती लुगडं गेलं, धोतर गेलं, आणि गोधडीच्या पोटात घालायला घरात उरल्या त्या सिंथेटिक साड्या. रंगाला झकास, फाटायला चिवट, पण घाम शोषत नाहीत, एकमेकींवर घसरतात, त्यामुळे आतला थर एका बाजूला जमा होतो. ठिणगी पडली तर सुती कापड धुमसतं, हे वितळून कातडीला चिकटतं. कोपीत चुलीजवळ निजणाऱ्या लेकराच्या बाबतीत ही गोष्ट साधी नाही. त्यात आठवडी बाजारात मिळणारं गुबगुबीत ब्लँकेट हलकं, उबदार आणि स्वस्त. त्याला नावं ठेवायचं मला कारण दिसत नाही. दिवसभर ऊस तोडून आलेल्या बाईनं रात्री सुई धरावी, असं म्हणायचा अधिकार शहरात बसून लेख लिहिणाऱ्याला नाही. पण ते ब्लँकेट फाटलं की फाटलं. त्याला टाका धरत नाही.

शहरांत आता गोधडी दुकानाच्या काचेमागं आली आहे. बंगालचा कांथा, बिहारची सुजनी आणि जपानचा बोरो यांच्या पंक्तीला तिला बसवतात, आणि ती बसतेही. जपानी शेतकऱ्यांनीही गरजेपोटीच ठिगळावर ठिगळ चढवलं होतं. मात्र दुकानातली गोधडी बहुधा नव्या कापडाची आणि मशीनवर मारलेली असते. मशीनचा टाका घट्ट आणि सरळ असतो, म्हणूनच उसवायला जिवावर येतो. गोधडीची शिवण उसवता आली पाहिजे, नाहीतर पुढची दुरुस्ती होत नाही.

यंदा घट बसण्याआधी घरातली अंथरुणं बाहेर काढलीत, तर एवढं करा. सुती साड्या, धोतरं, जुने पंचे भांडीवालीला देऊन टाकू नका, एका पिशवीत वेगळे ठेवा. पॉलिएस्टर आत घालू नका; वर लावायचंच तर चुलीजवळ न वापरायच्या गोधडीलाच लावा. आणि घरात धावदोरा घालणारी कुणी म्हातारी असेल, तर पहिली ठिगळं तिच्या शेजारी बसून लावा.