कलकत्त्याची नगरदृश्ये

कलकत्त्याची नगरदृश्ये : कलकत्ता (२००१ पासून कोलकाता) येथील वास्तू, रस्ते व घाट यांची अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील मुद्राचित्रे. छायाचित्रणपूर्व काळातील या शहराचे दृश्य रूप मुख्यत्वे त्यांवरूनच कळते.

टॉमस डॅन्यल (१७४९–१८४०) व त्याचा पुतण्या विल्यम (१७६९–१८३७) हे इंग्रज चित्रकार १७८६ मध्ये कलकत्त्यास आले. त्यांनी स्थानिक कारागिरांच्या साहाय्याने व्ह्यूज ऑफ कॅलकटा हा बारा चित्रांचा संच १७८८ पर्यंत पूर्ण केला. ही चित्रे ॲक्वाटिंट तंत्राने केलेली आहेत. या तंत्रात तांब्याच्या पत्र्यावर राळेचे सूक्ष्म कण बसवून तो अम्लात ठेवतात. कणांमधील उघडा भाग अम्लाने खोदला जाऊन तेथे शाई धरते. अम्लाचा परिणाम जितका अधिक काळ, तितकी छटा गडद. छापलेल्या प्रती नंतर हाताने रंगवीत. विल्यम बेली (१७९४) व जेम्स बेली फ्रेझर (१८२४–२६) यांनीही असे संच काढले. पुढे शिलामुद्रणाचा वापर होऊ लागला.

डॅन्यल यांनी चितारलेले जुने न्यायालय १७९२ मध्ये पाडण्यात आले. त्या जागी आता सेंट अँड्र्यूज चर्च आहे. चितपूर मार्गावरील गोविंदराम मित्र यांच्या मंदिराचे उत्तुंग शिखरही पुढे ढासळले. अशा नष्ट वास्तूंच्या अभ्यासात ही चित्रे उपयोगी पडतात. एच. ई. बस्टीड (एकोज फ्रॉम ओल्ड कॅलकटा, १८८२) व एच. ई. ए. कॉटन (कॅलकटा ओल्ड अँड न्यू, १९०७) यांनी जुन्या शहराचा इतिहास लिहिला. केरळमधून आलेले पी. टी. नायर (१९३३–२०२४) यांनी रस्त्यांच्या नावांपासून शहराच्या अनेक अंगांचा अनेक दशके शोध घेतला.

मुद्राचित्राच्या पुराव्याला मात्र मर्यादा असते. डॅन्यल यांच्या चित्रांत रायटर्स बिल्डिंगजवळ हॉलवेलचा स्मारकस्तंभ दिसतो. १७५६ च्या ‘अंधारकोठडी’त १४६ बंदिवानांपैकी १२३ मरण पावले, असे हॉलवेलचे कथन होते. हा स्तंभ १८२१ मध्ये काढण्यात आला. बस्टीडच्या ग्रंथाने प्रभावित झालेल्या लॉर्ड कर्झनने १९०२ मध्ये तो नव्याने उभारला. जे. एच. लिटल (१९१५) व बंगाली इतिहासकार अक्षयकुमार मैत्रेय यांनी हॉलवेलच्या विश्वसनीयतेवरच आक्षेप घेतला. सुभाषचंद्र बोस यांनी पुरस्कारिलेल्या आंदोलनानंतर १९४० मध्ये स्तंभ सेंट जॉन्स चर्चच्या आवारात हलविण्यात आला. स्तंभ अस्तित्वात होता, एवढेच चित्रावरून सिद्ध होते. त्यावरील मजकुराची सत्यता नव्हे. तिची शहानिशा कागदपत्रांवरूनच करावी लागते.

डॅन्यल यांच्या चित्रांचा मोठा संग्रह कोलकात्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलमध्ये आहे.