रोजगार हमी : एकमताने दिलेला, सावकाश काढून घेतलेला हक्क

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ग्रामीण रोजगार हमीचा २००५ चा कायदा रद्द करून त्या जागी नवा कायदा आणला. त्या दिवसांत सगळ्यात मोठा गदारोळ झाला तो गांधीजींचं नाव काढून टाकल्याबद्दल. विरोधी पक्षांचे खासदार गांधीजींच्या तसबिरी घेऊन संसदेच्या आवारात उभे राहिले. नाव गेल्याचं दुःख मलाही आहे. पण या हक्कासाठी ज्यांनी तहसील कचेरीसमोर उन्हात ठिय्या दिला, त्या मजुरांचा आणि कार्यकर्त्यांचा राग नावापाशी थांबत नाही. तो जुना आहे आणि केवळ आजच्या सत्ताधाऱ्यांवरचा नाही. ज्यांनी हा हक्क दिला, त्याचं श्रेय घेतलं, निवडणुकीत तो मिरवला, त्यांनीच तो कसकसा सैल केला हे या माणसांनी पाहिलं आहे. महाराष्ट्रात तर हे पन्नास वर्षांपासून दिसतं आहे.

बहात्तरच्या दुष्काळाची आठवण सांगणारी पिढी आता थकली. लाल मिलो, सुकडी, खडी फोडून सोललेले हात. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, आणि काहीच सुचलं नाही तर दगड फोडणं. दोन एकरांचा धनी, त्याची बायको आणि त्याच्याकडे कालपर्यंत सालाने राहिलेला गडी एकाच मस्टरवर आले. लोकांनी मोर्चे काढले, घेराव घातले, मजुरी वाढवून घेतली, थकलेले पगार मागितले. दुष्काळात मेहेरबानी म्हणून निघणारं काम आणि हक्क म्हणून मागायचं काम यांतला फरक गावोगाव कळला तो त्या दोन वर्षांत.

ही कल्पना मात्र दुष्काळाच्या आधीची. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी साठच्या दशकात आपल्या विसापूर गावी, तासगाव तालुक्यात, तिचा प्रयोग करून पाहिला होता. ज्याला अंगमेहनतीचं काम हवं त्याला सरकारने ते द्यावं, आणि ते काम जमिनीला, पाण्याला उपयोगी पडणारं असावं, एवढं साधं सूत्र. वसंतराव नाईकांच्या सरकारने १९७२ मध्ये योजना सुरू केली, वसंतदादा पाटलांच्या काळात १९७७ मध्ये विधिमंडळाने तिचा कायदा एकमताने मंजूर केला आणि शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या (पुलोद) सरकारच्या वेळी, २६ जानेवारी १९७९ पासून, तो लागू झाला. एकमेकांची सरकारं पाडणाऱ्या मंडळींचं या एका गोष्टीवर एकमत होतं. त्याचा मला आजही अभिमान वाटतो.

त्या एकमताखाली हितसंबंध होतेच. ग्रामीण मजुरांचे लोंढे आपल्याकडे येऊ नयेत असं शहरांना वाटत होतं, म्हणून शहरांनी कर दिला. नोकरदारांच्या पगारातून आजही कापला जाणारा व्यवसाय कर १९७५ मध्ये आला तो याच योजनेसाठी. त्याला मोटारगाड्या, विक्रीकर, बागायती जमिनी यांवरच्या अधिभारांची जोड होती, आणि जेवढा कर जमेल तेवढीच रक्कम राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची असं कायद्याने ठरलं. बागायतदारांना पाझर तलावाखालच्या विहिरींचं वाढलेलं पाणी हवंच होतं. हंगामात मजूर मिळत नाहीत, मजुरी महाग होते, ही त्यांची कुरकूर मात्र पहिल्या वर्षापासून होती. ती पुढे कुठे पोचली ते सांगणारच आहे.

कायदा काय म्हणत होता? काम मागितल्यापासून १५ दिवसांत ते द्यायचं, नाही दिलं तर बेकारी भत्ता द्यायचा. भत्त्याची किमान रक्कम रोज १ रुपया! तीही क्वचितच कुणाच्या हातात पडली. नवं काम उघडायला किमान ५० मजुरांची मागणी लागे. एकट्यादुकट्याची मागणी कचेरीत पडून राहायची, पण पन्नास जण सह्या-अंगठे करून आले की तहसीलदाराला हलावं लागायचं. माझ्या मते या एका अटीने ग्रामीण महाराष्ट्रात जेवढी संघटना बांधली तेवढी कित्येक पक्षांनी मिळून बांधली नसेल. लाल निशाण, शेतकरी कामगार पक्ष, कम्युनिस्ट, समाजवादी, धुळ्याकडे श्रमिक संघटना, यांच्या कार्यकर्त्यांनी कायद्याचं पुस्तक पिशवीत ठेवलं आणि मजुरांना एकच शिकवलं : अर्ज द्या आणि तारखेची पावती घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नका. पावती मिळाली की १५ दिवस मोजता येतात. म्हणूनच ती देण्याचं सगळे टाळत. बायका या कामांवर मोठ्या संख्येने होत्या. गावातल्या जमीनवाल्याकडे हात न पसरता कमावलेली ती मजुरी होती, आणि मोर्च्यातही त्याच पुढे असत.

खरा झटका १९८८ चा. शेतमजुरांचं किमान वेतन वाढलं आणि त्यासोबत रोजगार हमी योजनेची (रोहयो) मजुरी जवळजवळ दुप्पट झाली. चळवळींसाठी तो विजयाचा क्षण होता. त्यानंतर कामांवरची हजेरी घसरत गेली. मजुरांची गरज कमी झाली नव्हती. कामंच उघडली जाईनात. अर्थशास्त्रज्ञांनी पुढे आकडे तपासले तेव्हा तेच दिसलं : हमी कागदावर शाबूत, प्रत्यक्षात काम मोजूनमापून दिलं जात होतं. कायद्याच्या एका अक्षराला हात न लावता हक्क कमी करता येतो, हा शोध राज्यकर्त्यांना तेव्हा लागला असं मी मानतो. पुढचं सगळं त्याचाच विस्तार आहे.

१९९० पासून फळबाग लागवड रोहयोला जोडली गेली. डाळिंब, आंबा, बोर यांचं क्षेत्र वाढलं, कोरडवाहू शेतकऱ्यांच्या हाती पैसा आला, हे मान्य करायला हवं. पण झाड लावायला जमीन लागते. भूमिहीनांसाठी सुरू झालेल्या योजनेचं तोंड हळूहळू सातबाऱ्याकडे वळलं. तिकडे व्यवसाय कर जमतच राहिला आणि रोहयोवरचा खर्च त्याच्या मागे पडला. हा पैसा मजुरांचा आहे, तो त्यांच्यावरच खर्च व्हायला हवा, असं कार्यकर्ते सांगत राहिले. अधिवेशनात प्रश्न विचारले जात, उत्तरं दिली जात, आणि पुढच्या वर्षी तेच.

मग २००५. अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेज, कार्यकर्त्या अरुणा रॉय आणि देशभरच्या मजूर संघटनांच्या रेट्यामुळे, डाव्यांचा पाठिंबा असलेल्या संयुक्त पुरोगामी आघाडीच्या (संपुआ) सरकारने राष्ट्रीय कायदा केला. महाराष्ट्राचं बियाणं देशात पेरलं गेलं. २ फेब्रुवारी २००६ ला २०० जिल्ह्यांत सुरुवात झाली आणि २००८ पर्यंत योजना सगळ्या ग्रामीण भारतात पोचली. वर्षाला कुटुंबामागे १०० दिवस, अकुशल मजुरीचा सगळा भार केंद्रावर. कल्पना जिथून गेली ते राज्य मात्र या योजनेत बरीच वर्षं मागेच राहिलं.

पुरोगाम्यांचा सगळ्यात कडू अनुभव याच राष्ट्रीय योजनेतला आहे, कारण सरकार आपलं आहे असं त्यांना वाटत होतं. जानेवारी २००९ मध्ये त्याच सरकारने योजनेची मजुरी राज्यांच्या किमान वेतनापासून तोडली आणि १०० रुपयांवर बांधली. किमान वेतनाहून कमी मजुरीत काम करून घेणं ही वेठबिगारी आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या दुष्काळी कामांच्या प्रकरणात १९८३ मध्येच म्हटलं होतं. २००९ मध्येच २ ऑक्टोबरला योजनेला गांधीजींचं नाव दिलं. आधी मजुरी तोडली, मग नाव जोडलं. २०१०-११ मध्ये ४०,१०० कोटी रुपयांची असलेली तरतूद दोन वर्षांत ३३,००० कोटींवर आली. २०१३ मध्ये अरुणा रॉय सरकारच्या राष्ट्रीय सल्लागार परिषदेतून बाहेर पडल्या तेव्हा त्यांच्या नाराजीचं एक कारण हेच होतं : मजुरांना किमान वेतन द्या ही परिषदेची शिफारस तेव्हाच्या पंतप्रधानांनी नाकारली होती.

२०१४ नंतर योजना निवडक जिल्ह्यांपुरती ठेवण्याची, साहित्यावरचा खर्च वाढवून मजुरीचा वाटा घटवण्याची चर्चा सुरू झाली. फेब्रुवारी २०१५ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदींनी लोकसभेत ही योजना काँग्रेसच्या अपयशाचं स्मारक म्हणून चालू ठेवू असं सांगितलं. स्मारक म्हटलं तरी २०२०-२१ मध्ये, शहरांतून पायी परतलेल्या माणसांना सावरायला हीच योजना लागली. त्या वर्षी तिच्यावर एक लाख कोटींहून अधिक खर्च झाला. २०२३-२४ चा अर्थसंकल्प आला तेव्हा तरतूद पुन्हा ६०,००० कोटींवर होती. जानेवारी २०२३ पासून कामावर दिवसातून दोनदा मोबाईलवर फोटो टाकून हजेरी लावणं सक्तीचं झालं, आणि जानेवारी २०२४ पासून मजुरी आधारशी जोडलेल्या पद्धतीनेच मिळेल असं ठरलं. डोंगरातल्या पाड्यावर रेंज नसली किंवा जॉबकार्डावरच्या आणि आधारवरच्या नावात एका अक्षराचा फरक पडला की घाम गाळूनही मजुरी अडते. १९८८ ला जे काम न उघडण्याने साधलं, ते आता यंत्रणेच्या नियमांनी साधतं.

आणि मग २०२५ चा कायदा. दिवस १०० चे १२५ झाले, म्हणून तो वाढीव हमी म्हणून सांगितला गेला. पण केंद्र प्रत्येक राज्याचा वाटा आधीच ठरवणार, त्याच्या वरचा खर्च राज्याने सोसायचा, आणि त्या वाट्यातही बहुतेक राज्यांनी ४० टक्के भरायचे. पेरणी-कापणीच्या हंगामात वर्षातून ६० दिवसांपर्यंत कामं बंद ठेवता येतील, अशी तरतूदही आहे. बागायतदारांची १९७२ पासूनची कुरकूर ती हीच, आता कायद्याच्या कलमात बसलेली. ज्या दिवसांत मजुराला मजुरीबद्दल घासाघीस करता येते, नेमक्या त्या दिवसांत त्याचा दुसरा पर्याय काढून घेतला. संसदेतल्या गदारोळात या कलमाबद्दल जेवढं बोललं जायला हवं होतं तेवढं बोललं गेलं नाही, याचा मला खरा संताप आहे. शेतमालकांची नाराजी ओढवून घ्यायची तयारी विरोधकांतही कमीच आहे.

महाराष्ट्रातले आमदार याबद्दल काय करणार? २०२४ च्या विधानसभा निवडणुकीआधी याच राज्याने लाडकी बहीण योजना आणली, महिन्याला १,५०० रुपये दिले, आणि निवडणूक झाल्यावर निकषांवर बोट ठेवून नावं कमी होऊ लागली. त्या १,५०० रुपयांनी पुष्कळ घरांत औषध आलं, मुलांच्या वह्या आल्या, त्यांना नावं ठेवायची माझी तयारी नाही. पण नाव कापलं गेलेली बाई कुठल्या कायद्याचं कलम दाखवणार? बहात्तरच्या बाईकडे थोड्याच वर्षांत तसं कलम आलं होतं, आणि ते घेऊन ती तहसीलदाराच्या दारात बसली होती.

विधिमंडळाने १९७७ मध्ये दिलेली हमी राज्याची स्वतःची होती, दिल्लीने दिलेली नव्हती. केंद्राच्या १०० दिवसांपुढे काम लागलं तर ते राज्याच्या पैशातून द्यायचं, असंच इथे ठरलं होतं. नव्या कायद्यातले ४० टक्के राज्य कुठून भरणार, केंद्राचा ठरलेला वाटा फेब्रुवारीतच संपला तर मार्चमधलं काम कोण देणार, आणि त्या ६० दिवसांत ज्यांच्या शेतावर काम नाही त्या माणसांनी काय करायचं, याचं उत्तर प्रत्येक पक्षाच्या आमदाराकडून लेखी घ्यायला हवं. तारखेच्या पावतीसह.