कॉसमॉस बँकेवरील सायबर हल्ला : स्वरूप आणि संस्थात्मक प्रतिसाद

सायबर सुरक्षा म्हणजे ग्राहकाच्या पासवर्डचे रक्षण, हा समज किती अपुरा आहे हे पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवरील हल्ल्यावरून स्पष्ट होते. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, दुसऱ्या शनिवारच्या सुटीत, बनावट कार्डांद्वारे २८ देशांतील एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतातून आणखी अडीच कोटी. १३ ऑगस्टला १३.९२ कोटी रुपये स्विफ्ट प्रणालीद्वारे हाँगकाँगला वळविण्यात आले. एटीएमकडून आलेली विचारणा बँकेच्या मुख्य संगणकप्रणालीपर्यंत पोहोचतच नव्हती; मध्येच बसविलेला बनावट स्विच तिला परस्पर मंजुरी देत होता. त्यामुळे ग्राहकांच्या खात्यांतील रकमा अबाधित राहिल्या व तोटा बँकेस सोसावा लागला.

बँकेने एटीएम व ऑनलाइन सेवा काही दिवस बंद ठेवल्या. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी मूलभूत सुरक्षा चौकट जाहीर केली आणि डिसेंबर २०१९ मध्ये त्यांच्या डिजिटल व्याप्तीनुसार चार स्तर ठरविले. लहान बँकेवर मोठ्या बँकेचे निकष लादण्यापेक्षा हे निश्चितच व्यवहार्य होय. तथापि उपकरणांच्या खरेदीपेक्षा (तिचीच चर्चा अधिक होते) मंजूर व्यवहार व खात्यांतील नोंदी यांचा ताळमेळ सुटीच्या दिवशीही तत्काळ घेणे अधिक निर्णायक आहे. कारण बनावट स्विच मंजुरी देऊ शकतो, खात्यात नोंद करू शकत नाही.