चिठ्ठी लिहून झाल्यावर

छातीतल्या गाठीचं बायका सगळ्यात शेवटी बोलतात. आधी कंबर, मग मुलाचा खोकला आणि औषधाचा कागद घेऊन उठता उठता हळूच, "मॅडम, इथं काहीतरी हाताला लागतंय." म्हणून देहूरोड बाजारातल्या माझ्या दवाखान्यात पुढच्या पेशंटला लगेच हाक मारत नाहीत.

मदतनीस मावशींना आत थांबवून पडदा ओढते. आधी बसवून नुसतं बघायचं, हात कमरेवर, मग डोक्यावर. त्वचेला कुठे खळी पडते का, एखादं बोंड आत ओढलंय का? मग आडवं करून बिनतक्रारीची बाजू आधी, तीन बोटांच्या पेरांनी, जागा न सोडता. शेवटी काख आणि गळ्याच्या हाडावरची जागा.

पाळीआधी दोन्हीकडे भरून दुखत असेल आणि हाताला काही लागत नसेल, तर धीर देऊन पाळीनंतर पुन्हा बोलावते. बाळंतिणीची छाती लाल होऊन ताप आला, तर अँटिबायोटिक देते, पाजणं चालूच ठेवायला सांगते. दोन दिवसांत उतार नसेल तर गळवासाठी सोनोग्राफी. पण पन्नाशीच्या बाईची छाती तशीच लाल, सुजलेली दिसली, तर गोळ्या बदलत बसायचं नाही. तिशीपुढची नवी गाठ, बोंडातून आपोआप येणारं रक्ताळ पाणी, मलमाने न हटणारा बोंडावरचा इसब, यांना थेट मोठ्या रुग्णालयासाठी चिठ्ठी. विशीतली, बोटांखालून निसटणारी गाठ बहुधा साधीच. तरी सोनोग्राफी करतेच.

चिठ्ठीत बाजू, जागा, माप, किती दिवसांपासून, आई-बहिणीला कॅन्सर होता का, सगळं लिहिते. पुढे मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी, मग सुईने तुकडा काढून तपासणी. "आधी गाठ काढून टाकू, मग बघू" याला हो म्हणू नका, हे बजावते. निदान आधी झालं तर ऑपरेशन नीट आखता येतं.

हाताने केलेल्या तपासणीला कमी लेखू नये. मुंबईत टाटा मेमोरियलने 1998 पासून दीड लाखांवर बायकांचा अभ्यास केला. निम्म्यांची छाती प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी तपासत. 2021 मध्ये निष्कर्ष छापून आले. त्या गटात आजार लवकरच्या टप्प्यात सापडला. सर्व वयांत मिळून मृत्यूंतला फरक ठाम ठरला नाही, पण पन्नाशीपुढे स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी घटले.

मात्र बोटांना गाठ सापडली तरी बाई चिठ्ठी घेऊन पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयात पोचायला हवी. लोकलने तिसरं स्टेशन, पण मध्ये मुलांची परीक्षा येते, दिवाळी येते, कंपनीतला खाडा येतो. "दुखत तर नाही, मग घाई काय?" न दुखणारी गाठच मला जास्त खटकते, हे समजावून तिचा स्वतःचा नंबर वहीत घेते आणि आठवड्याने फोन करते.

बऱ्याच जणींचा रिपोर्ट साधा निघतो. "उगाच घाबरवलंत," म्हणतात. म्हणू देत. साधी गाठ साधीच आहे हे माझ्या अंदाजावर नव्हे, रिपोर्टवर ठरलेलं बरं.