रात्री तापणारी भिंत

उन्हाळ्यात वयस्कर मंडळींची एक तक्रार ठरलेली असते. दिवस कसाबसा निघतो, पण रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. घरची माणसे म्हणतात, वयामुळे. वय असतेच, पण जरा पश्चिमेच्या भिंतीला हात लावून पाहा.

दुपारभर तापलेल्या नऊ इंची विटेच्या भिंतीतून उष्णता आत पोहोचायला साधारण सहा-सात तास लागतात. म्हणजे तीन-चारचे ऊन रात्री दहाच्या सुमारास खोलीत उतरते, नेमके अंथरूण घालायच्या वेळी. दिवसभर उष्णतेशी झगडलेल्या हृदयाला रात्री तरी उसंत हवी. तीच मिळत नाही.

उष्माघात उन्हात हिंडणाऱ्यालाच होतो, हा समज अर्धाच खरा. 2003 च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये उष्णतेच्या लाटेत सुमारे 15 हजार माणसे दगावली. त्यांत बहुतेक वृद्ध होते. पुढे पाहणीत आढळले की, छपराखालच्याच खोलीत झोपणाऱ्यांना आणि ज्यांच्या घराला उष्णतारोधक थर नव्हता त्यांना धोका अधिक होता.

आपल्याकडच्या जाड मातीच्या भिंती आणि धाबे हे काम बिनबोभाट करीत. पण दरवर्षी लिंपण कोण करणार? घर विटांचे असेल तर उष्णतारोधक थर भिंतीच्या बाहेरून द्यावा. आतून दिला, तर रात्री गार झालेल्या भिंतीचा दिवसा उपयोग होत नाही आणि चुलीची, माणसांची ऊब खोलीतच साठते. आत उघडे थर्माकोल तर चिकटवूच नये. ते पेटते आणि त्याचा धूर विषारी असतो.

थर परवडत नसेल तर स्लॅबला आणि पश्चिमेच्या भिंतीला चुना मारावा, भिंतीपासून हातभर अंतरावर बांबूचे तट्टे उभे करावेत. खिडकीतून येणारे ऊन मात्र कोणताही थर अडवत नाही. दुपारी खिडक्या बंद ठेवून बाहेरून पडदा टाकावा, रात्री हवा गार झाली की सताड उघडाव्यात. हे न केल्यास थर दिलेले घरही आत शिरलेली उष्णता धरून बसते. कूलर चालू असताना मात्र खिडकी थोडी उघडी हवी.

लघवीच्या गोळ्या चालू असलेल्यांनी उन्हाळ्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, मनाने बंद करू नयेत. रात्री कोणी असंबद्ध बोलू लागले, अंग भाजत असले, तर सकाळची वाट पाहू नका. अंग ओले करून वारा घाला आणि तडक दवाखाना गाठा.