सवलतीची खरी किंमत

विक्रीच्या किंमतीत सूट देणे हा व्यापारातील जुना व सर्वमान्य प्रकार आहे. २ ऑक्टोबरला गांधी जयंतीनिमित्त खादीवर मिळणाऱ्या रिबेटमुळे हा शब्द मराठी घरांत एकेकाळी चांगलाच परिचित झाला होता. त्या रिबेटचा हिशोब सरळ असे. कापडाची किंमत बिलावर लिहिली जाई, तिच्यातून रिबेट वजा होई आणि उरलेली रक्कम ग्राहक देई. आता सवलतीचे स्वरूप पुष्कळच पालटले आहे. शून्य टक्के व्याज, कॅशबॅक, जुने द्या नवे घ्या, घडणावळीवर निम्मी सूट, अशा अनेक रूपांनी ती ग्राहकासमोर येते. जाहिरातीत सवलतीचा आकडा ठळक असतो. तिच्याबरोबर येणारे शुल्क मात्र 'अटी लागू' या दोन शब्दांमागे राहते. हे शुल्क कसे ओळखावे आणि त्याविषयी कायदा काय सांगतो, याची माहिती या लेखात देण्याचा प्रयत्न केला आहे.

पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर या तालुक्यांच्या दृष्टीने हा विषय विशेष महत्त्वाचा आहे. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर येथे ऊसशेती फोफावली. माळेगाव, सोमेश्वर व भवानीनगर येथील सहकारी साखर कारखान्यांनी शेतकऱ्याच्या हाती रोख पैसा आणला. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीमुळे आणि वालचंदनगरच्या कारखानदारीमुळे पगारदार कुटुंबांचाही एक वर्ग निर्माण झाला. या पैशातून शीतकपाट, दूरदर्शन संच, भ्रमणध्वनी, दुचाकी व दागिने यांची खरेदी होते. ज्या कुटुंबाला उसाचे बिल हप्त्याहप्त्याने मिळते, त्याला वस्तूही हप्त्याने घेणे सोयीचे वाटावे, हे स्वाभाविक आहे. छुप्या शुल्काचा भार सर्वाधिक पडतो तो अशाच खरेदीवर.

ऊसबिल आणि दुकानाचे बिल

या भागातील शेतकऱ्याला जाहीर दर आणि हातात पडणारा दर यांतील फरक समजावून सांगावा लागत नाही. उसाची रास्त व किफायतशीर किंमत अमुक असली, तरी तोडणी व वाहतुकीचा खर्च वजा जाता प्रत्यक्ष किती मिळेल, हे तो प्रथम विचारतो. सोसायटीची वसुली किती झाली, हेही तो बिलावर पाहतो. बाजार समितीत माल नेला, तर हिशोबपट्टीवर हमाली व तोलाई यांच्या नोंदी वेगळ्या असाव्यात, असा त्याचा आग्रह असतो.

नेमका हाच शेतकरी दुकानात ग्राहक म्हणून उभा राहिला की केवळ दोनच गोष्टी विचारतो: सूट किती आणि हप्ता किती? एकूण रक्कम किती, हा प्रश्न मागे पडतो. हिशोबपट्टी वाचण्याची जी सवय आपण विकताना जोपासली, तीच खरेदी करताना वापरली, तर छुप्या शुल्काचे बहुतेक प्रकार आपोआप उघडे पडतात.

शून्य व्याजाचे गणित

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका शीतकपाटाची किंमत २४,००० रुपये आहे. रोखीने घेणाऱ्यास दुकानदार १,५०० रुपयांची सूट देतो, म्हणजे रोखीची किंमत २२,५०० रुपये होते. त्याच वस्तूसाठी 'शून्य टक्के व्याज, २,००० रुपयांचे १२ हप्ते' अशी योजना आहे. तिच्यात चार हप्ते आगाऊ द्यावयाचे असून ६०० रुपये प्रक्रिया शुल्क व त्यावर १८ टक्के दराने १०८ रुपये वस्तू व सेवा कर आहे.

आता हिशोब मांडू. ग्राहक पहिल्याच दिवशी ८,००० रुपयांचे हप्ते आणि ७०८ रुपये शुल्क, असे ८,७०८ रुपये देतो. रोखीच्या किंमतीतून ही रक्कम वजा केली, तर त्याला प्रत्यक्षात मिळालेली उधारी १३,७९२ रुपयांचीच ठरते. तिच्या परतफेडीपोटी तो पुढील आठ महिन्यांत १६,००० रुपये भरतो. म्हणजे २,२०८ रुपये जादा गेले. कमी होत जाणाऱ्या बाकीवर हिशोब केल्यास हा दर दरमहा शेकडा सुमारे ३ रुपये ४० पैसे, म्हणजेच वार्षिक सुमारे ४१ टक्के पडतो. ज्या योजनेच्या फलकावर व्याज शून्य लिहिले होते, तिचा हा खरा दर होय.

भारतीय रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना या बाबतीत स्पष्ट सूचना दिल्या होत्या. शून्य टक्के व्याज अशी काही वस्तुस्थिती नसते आणि अशा योजनांत व्याजाचा भाग पुष्कळदा प्रक्रिया शुल्काच्या रूपाने ग्राहकाकडून वसूल होतो, असे बँकेने त्यावेळी नमूद केले होते. तरीही 'नो कॉस्ट' यांसारख्या नावांनी हप्त्यांच्या योजना आजही बाजारात दिसतात. अशी प्रत्येक योजना फसवी असते असे नव्हे. काही वेळा उत्पादक खरोखरच व्याजाचा भार स्वतः सोसतो. रोखीची किंमत आणि हप्त्याची एकूण किंमत शेजारी शेजारी लिहून घेतल्याशिवाय मात्र हे कळत नाही.

शुल्काची इतर रूपे

घडणावळीवरील सूट हे दुसरे परिचित उदाहरण. एक सराफ सोळा टक्के घडणावळ लावून तीत निम्मी सूट देतो. दुसरा कोणतीही सूट न देता आठ टक्केच घडणावळ लावतो. दोघांकडे ग्राहकाला सारखेच पैसे पडतात. म्हणून दागिना घेताना सोन्याचे निव्वळ वजन, शुद्धता, त्या दिवशीचा दर, घडणावळ, खड्यांची किंमत, हॉलमार्कचे शुल्क आणि कर या बाबी बिलावर स्वतंत्रपणे मागाव्यात.

कॅशबॅकच्या बाबतीत तीन गोष्टी पाहाव्या लागतात: परताव्याची कमाल मर्यादा, त्यासाठी आवश्यक असलेली किमान खरेदी आणि रक्कम जमा होण्याचा कालावधी. विशिष्ट बँकेचे कार्ड वापरून हप्ते पाडल्यावरच परतावा मिळणार असेल, तर त्या हप्त्यांवरील व्याज व व्याजावरील कर परताव्यातून वजा करून पाहावा. जुनी वस्तू देऊन नवी घेताना जुनीची किंमत वाढवून दाखविली जाते. अशा वेळी जुनी वस्तू न दिल्यास नवी कितीला मिळेल, हे आधी विचारावे.

दुचाकीच्या खरेदीत जाहिरातीतील एक्स-शोरूम किंमतीत नोंदणी, वाहन कर व विमा धरलेला नसतो. त्यात हाताळणी खर्च, जोडसाहित्य व वाढीव हमी यांची भर पडू शकते. विमा विक्रेत्याने सुचविलेल्या कंपनीकडूनच घ्यावा, असे ग्राहकावर बंधन नाही. वाढीव हमी घेणेही ऐच्छिक आहे.

कायदा काय सांगतो

ग्राहक चळवळीचा महाराष्ट्राशी जुना संबंध आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची स्थापना केली. १९८४ मध्ये मक्तेदारी व निर्बंधक व्यापारी प्रथा अधिनियमात दुरुस्ती होऊन अनुचित व्यापारी प्रथांचा त्यात समावेश झाला. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून अंमलात आहे.

या कायद्याने वस्तूची गुणवत्ता, परिमाण, शुद्धता व किंमत यांची माहिती मिळविण्याचा हक्क ग्राहकाला दिला आहे. एकूण व्यवहारात जिची किंमत पूर्णतः वा अंशतः वसूल केलेली आहे, अशी वस्तू मोफत दिल्याचा आभास निर्माण करणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. विकलेल्या मालाचे बिल न देणे हीदेखील अनुचित प्रथाच आहे.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. जाहिरातीतील दाव्याबाबतचा खुलासा दाव्याच्याच भाषेत असला पाहिजे, आणि त्याचा टंकही दाव्याप्रमाणेच असावा, असे त्यांत म्हटले आहे. खुलाशाच्या आड महत्त्वाची माहिती लपविता येत नाही. याचा व्यवहारातील अर्थ असा की, सवलत मराठीत मोठ्या अक्षरांत छापून अटी मात्र इंग्रजीत मुंगीएवढ्या अक्षरांत देणे या तत्त्वांशी विसंगत आहे. नोव्हेंबर २०२३ मधील मार्गदर्शक तत्त्वांनी ऑनलाइन खरेदीतील तेरा फसव्या रीती निषिद्ध ठरविल्या. प्रथम कमी किंमत दाखवून नंतर टप्प्याटप्प्याने शुल्क वाढवीत नेणे आणि न मागितलेली वस्तू खरेदीच्या यादीत घुसविणे या दोन रीतींचा त्यांत समावेश आहे.

राष्ट्रीय ग्राहक आयोगाचे दोन निर्णय येथे उल्लेखनीय आहेत. छापील किंमतीवर सरसकट चाळीस टक्के सूट जाहीर करून सवलतीच्या किंमतीवर पुन्हा कर आकारणे ही अनुचित व्यापारी प्रथा असल्याचे आयोगाने जानेवारी २०१७ मध्ये ठरविले. कमाल किरकोळ किंमत ही सर्व करांसहित असते, हे यामागील सूत्र होय. डिसेंबर २०२० मध्ये पिशवीच्या शुल्काबाबत निर्णय देताना आयोगाने म्हटले की, दुकानाची निवड व खरेदी करण्यापूर्वीच अशा जादा आकाराची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क आहे. पैसे देण्याच्या खिडकीवर ती माहिती देणे पुरेसे नाही. रक्कम पिशवीइतकी लहान असली, तरी तत्त्व तेच राहते.

कर्जाचे विवरणपत्र

हप्त्याने वस्तू घेणे म्हणजे कर्ज घेणे होय. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानुसार, १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ मुदत कर्ज देणाऱ्या बँका व वित्त कंपन्यांनी कर्जदाराला मुख्य तथ्य विवरणपत्र, म्हणजेच की फॅक्ट स्टेटमेंट, देणे आवश्यक आहे. ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत असावे लागते. सर्व शुल्के धरून काढलेला वार्षिक दर त्यात दिलेला असतो. जे शुल्क विवरणपत्रात नमूद नाही, ते कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय आकारता येत नाही.

या कागदाचे महत्त्व केवळ काही रुपयांपुरते नाही. दुकानातील घाईत भ्रमणध्वनीवर आलेला संकेतांक सांगून टाकला की कर्ज मंजूर होते. पुढे खात्यात पैसे नसल्याने एखादा हप्ता चुकला, तर दंड लागतो आणि त्याची नोंद पत माहिती कंपनीकडे जाते. शेतीसाठी किंवा मुलांच्या शिक्षणासाठी कर्ज मागावयाची वेळ येते, तेव्हा ही नोंद आडवी येऊ शकते. शीतकपाटाच्या एका हप्त्यापायी मोठ्या गरजेचे कर्ज अडण्याचा धोका प्रत्येक कुटुंबाने ध्यानात घ्यावयास हवा.

तक्रार कोठे करावी

प्रथम विक्रेत्याकडे लेखी तक्रार द्यावी. बिल, जाहिरातीचे कात्रण किंवा छायाचित्र आणि भ्रमणध्वनीवरील संदेश जपून ठेवावेत. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदविता येते. छापील किंमतीपेक्षा अधिक आकारणी झाल्यास वैधमापन शास्त्र यंत्रणेकडे जावे. बँक वा वित्त कंपनीने तीस दिवसांत समाधान न केल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

याने निरसन न झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग खुला आहे. मोबदल्याची रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असलेली प्रकरणे तेथे चालतात आणि ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणांस शुल्क नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. वकील देणे सक्तीचे नाही. ग्राहक जेथे राहतो किंवा काम करतो, त्या जिल्ह्यात तक्रार करता येत असल्याने वस्तू मुंबईच्या कंपनीकडून ऑनलाइन घेतली असली, तरी बारामती वा इंदापूरच्या ग्राहकाला पुण्याच्या आयोगाकडे जाता येते. १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती या संगणकीय व्यवस्थेद्वारे घरबसल्या तक्रार दाखल करण्याचीही सोय झाली आहे.

गावपातळीवर काय करता येईल

ग्रामपंचायतीच्या फलकावर १९१५ हा क्रमांक कायम लिहून ठेवता येईल. सणापूर्वीच्या ग्रामसभेत वर दिलेला हिशोब फळ्यावर सोडवून दाखविण्यास अर्धा तास पुरेल. शालेय गणितात सूट, कमिशन व व्याज यांची उदाहरणे असतातच. शिक्षकांनी वृत्तपत्रातील प्रत्यक्ष जाहिरात वर्गात आणून खरा दर काढावयास लावला, तर तोच धडा घरोघर पोहोचेल. महिला बचत गटांच्या भगिनींना दरमहा शेकडा दराने व्याज काढण्याचा सराव असतो. हप्त्याच्या योजनेवर सही करण्यापूर्वी तिचा कागद गटाच्या बैठकीत वाचण्याची प्रथा त्यांना सहज पाडता येईल. प्रामाणिक व्यापाऱ्यालाही यात भीती वाटण्याचे कारण नाही. जो दुकानदार पूर्ण किंमत आधी सांगतो, तो फसव्या सवलतीपुढे महागडा दिसतो आणि त्याचे गिऱ्हाईक तुटते. किंमत उघडपणे सांगण्याच्या नियमामुळे त्याचेही रक्षण होते.

खरेदीपूर्वी ग्राहकाने चार प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत: आज रोखीने ही वस्तू कितीला मिळेल? या योजनेत मी शेवटच्या हप्त्यापर्यंत एकूण किती रुपये देईन? त्यात वस्तूच्या किंमतीखेरीज कोणकोणते शुल्क आहे? त्यांपैकी कोणते मला नाकारता येईल? विक्रेता ही उत्तरे लेखी देण्यास कां-कूं करीत असेल, तर खरेदी एक दिवस पुढे ढकलावी आणि शेजारच्या दुकानात हेच चार प्रश्न विचारून पाहावेत.