डोळे धावतात, कान जागेवरच

निन्टेन्डोने १९९५ मध्ये ‘व्हर्च्युअल बॉय’ आणला. टेबलावर ठेवायचा, त्यात तोंड खुपसायचं आणि लाल-काळ्या चित्रांत खेळायचं. वर्षभरात कंपनीने तो गुंडाळला. तेव्हापासून ‘आता व्हीआर (आभासी वास्तव) घरोघरी पोचणार’ अशी दवंडी अधूनमधून पिटली जाते. फेसबुकने २०१४ मध्ये ‘ऑक्युलस’ या व्हीआर कंपनीसाठी २०० कोटी डॉलर मोजले, तेव्हाही पिटली गेली. २०२० मध्ये ‘क्वेस्ट २’ हा डोळ्यांवर चढवायचा हेडसेट २९९ डॉलरला मिळू लागला. त्याला ना महागडा संगणक लागत होता, ना वायरींचा गुंता. तरीही ‘स्टीम’ या संगणकी खेळांच्या दुकानाच्या पाहणीत हेडसेटवाले शंभरात दोनच्या आसपासच रेंगाळतात.

घोडं पेंड खातं ते कानात.

आंतरकर्णात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोकं वळलं की द्रव हलतो आणि मेंदूला खबर जाते. शेजारच्या सूक्ष्म कॅल्शियमच्या खड्यांवरून वेग वाढल्याचं कळतं. वरंध घाटात एसटीत पुस्तक उघडलं की गाडी लागते, कारण कानाला वळणं जाणवतात आणि डोळ्यांपुढचं पान मात्र स्थिर असतं. हेडसेटमध्ये याच्या उलट घडतं. डोळे गल्लीबोळांतून पळत असतात आणि कान सांगतो, अरे, तू खुर्चीत बसलायस! दोन साक्षीदारांचा मेळ बसेना की मळमळ आणि दरदरून घाम. काहींना पाच मिनिटंही सोसत नाही.

डोकं वळल्यावर चित्र उशिरा वळलं तरी हाच त्रास होतो. तो उशीर २० मिलिसेकंदांच्या खाली आणणं अभियंत्यांना जमलं. पण बसल्या जागी पळण्याचा पेच पडदा कितीही सुधारला तरी सुटत नाही. ‘हाफ-लाइफ: अ‍ॅलिक्स’ या व्हीआर खेळाने त्यातून पळवाट काढली. जिथे जायचं तिथे नेम धरायचा, पापणी लवते न लवते तोच खेळाडू तिथे हजर. मधलं चालणंच गायब!

गर्दी खेचली ती मात्र खऱ्या अंगमेहनतीच्या खेळांनी. ‘बीट सेबर’ हा २०१८ चा झेक खेळ. खेळणारा जागेवरच उभा राहतो, गाण्याच्या ठेक्यावर ठोकळे अंगावर येतात आणि ते दोन्ही हातांतल्या प्रकाशाच्या तलवारींनी सपासप कापायचे. ‘गोरिला टॅग’मध्ये तर माकडाला पायच नाहीत. हातांनी जमीन रेटत पुढे सरकायचं. चित्रं ओबडधोबड, आणि खेळ काय, तर पकडापकडी! तरी या खेळाने १० कोटी डॉलरचा पल्ला ओलांडला, तोही मुख्यतः पोराटोरांच्या जिवावर.

अर्थात ‘क्वेस्ट ३’ चं अर्ध्या किलोचं धूड तोंडावर बांधून कोणी तासन्‌तास बसणार नाही, आणि लोकलच्या गर्दीत तर मोबाइलचीच सद्दी राहील. व्हीआरची खरी जागा घरातल्या अर्ध्या तासाच्या घामट खेळात दिसते. त्यासाठी आधी टीपॉय बाजूला सरकवावा लागेल, एवढंच.